तीन अक्षरांची संघटना

गंगापूर रोड, नाशिक
१४ जानेवारी २००३

चि. दत्तूस,
अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तक्रार अशी, की परवा तू पुन्हा फोनवर घरातल्या गोष्टी काढल्यास. तुला किती वेळा सांगायचं? माझा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला. कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या बायकांना काय काय ऐकू येतं ते मला विचार. आता बायका गेल्या, यंत्रं आली, असं तू म्हणशील. पण यंत्रामागेही कुणीतरी बसलेलं असतंच. तेव्हा हवापाणी फोनवर, बाकी सगळं पत्रात. आणि पाकीट नीट चिकटवत जा. मागचं अर्धं उघडं आलं होतं. पोस्टमन नवा आहे आणि त्याची नजर मला आवडलेली नाही.

तिळगुळाचं पार्सल वेगळं पाठवलंय. पल्लवीची काळजी करू नकोस. तुझी लेक इंजिनियर व्हायची तेव्हा होईल, सध्या तिची गट्टी जमलीय ती शेजारच्या बिल्डिंगवर विटा वाहणाऱ्या पुतळाबाईशी. दोघी वाळूच्या ढिगावर गप्पा मारत बसतात. पुतळाबाई पेठ तालुक्याकडची. करंजखोऱ्याच्या धरणात तिचा पाडा बुडाला, तेव्हापासून पोटासाठी नाशकात असते. पल्लवी तिला आपल्या नळावर हंडा भरू देते आणि बिल्डरचा मुकादम माझ्याकडे डोळे वटारून बघतो.

आता खरी बातमी. त्या करंजखोरे प्रकल्पाच्या महामंडळाची इंटरनेटवर वेबसाइट आहे. त्यात कुणीतरी चोरून शिरलं, त्यांचं पहिलं पान काढलं आणि तिथे आपला निषेधाचा मजकूर लावून ठेवला. मजकुराखाली इंग्रजीत तीन अक्षरं, के. एल. टी. आमच्या पेपरांना दुसरा विषय नाही. ‘के’ म्हणजे काश्मीर हे पोलिसांना कुणी न सांगताच कळलं, आता ‘एल’ आणि ‘टी’चा शोध चालू आहे. मुंबईहून एक तज्ज्ञ साहेब आलेत. त्यांचं म्हणणं, ‘टी’ म्हणजे टायगर्स.

माग निघाला तो कॉर्नरवरच्या इंटरनेट कॅफेपर्यंत. पोलिसांनी कॅफेवाल्या फैजानला धरून नेलंय. फैजान म्हणजे आपल्या महेबूबभाईंचा मुलगा. महेबूबभाई आठवतात ना? आमचे लाइनमन. आईच्या शेवटच्या आजारात भर पावसात खांबावर चढून आपली लाइन जोडून दिली होती त्यांनी. भला माणूस. पण खरं सांगू, मुलाचा मला आधीपासूनच संशय होता. बोलत नाही फारसा. हसतो, सलाम करतो आणि गप्प. इतकं सभ्य कुणी असतं का? पल्लवी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याच्याच कॅफेत बसायची, ते मी बंद केलंय. पोरगी तेव्हापासून धड जेवत नाही. घाबरली असणार.

तू वकील आहेस, तेही सरकारी. तुझं मत कळव.

कळावे. लोभ टिकावा आणि उत्तर लवकर यावे.
तुझी
मोहिनीताई


सांगली
२१ जानेवारी २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट डिंकाने चिकटवून वर टेप लावली आहे. तुझ्या पोस्टमनला ते उघडायला निदान कात्री तरी लागेल. तिळगूळ पोचला. निम्मा मी ऑफिसात नेला तर सगळ्यांनी ताईंना गोड बोलायला सांगा म्हटलं. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

फैजानचं वाचून वाईट वाटलं, महेबूबभाईंसाठी. पण मत विचारतेस तर आडपडदा न ठेवता सांगतो. घरमालक खोटारडा आहे म्हणून त्याच्या घराचं कुलूप तोडता येत नाही. महामंडळ खोटं बोलत असेलही. म्हणून काय वाटेल त्याने त्यांच्या कॉम्प्युटरात शिरायचं? आज धरणवाल्यांच्या कॉम्प्युटरात, उद्या दवाखान्याच्या, परवा बँकेच्या. आणि दर वेळी हेतू चांगलाच असणार. माझ्या नोकरीत वाईट हेतू असलेला आरोपी मला अजून भेटलेला नाही.

निषेध करायचा ना, मग मोर्चा काढा, निवेदन द्या, कलेक्टर कचेरीपुढे उपोषणाला बसा. नाव-गाव सांगून करा. तोंड लपवून करतात त्याला मी निषेध म्हणत नाही. नव्या कायद्यात या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खटला माझ्याकडे असता तर मी तीनही वर्षं मागितली असती. गेल्या शनिवारी बार असोसिएशनमध्ये याच विषयावर बोललो. टाळ्या बऱ्या पडल्या. तुझी वहिनी म्हणते, घरी याच्या निम्मं बोललात तरी पुरे.

एक विनंती. महेबूबभाई तुझ्याकडे येतील, तू हळवी होशील. चहा दे, धीर दे, पण कुठे सही करू नकोस आणि मुलगा चांगला आहे असं कुणाला सांगू नकोस. तो चांगला आहे की नाही हे आपल्याला काय ठाऊक? या गप्प बसणाऱ्यांचं मलाही खरं वाटत नाही. पल्लवीला म्हणावं, त्या कॅफेत ती कधी बसत होती हे तिने स्वतःहून कुणापाशी बोलू नये. उगाच साक्षीला ओढतील.

क. लो. टि. (उत्तर लवकर दिले आहे, याची नोंद घ्यावी.)
तुझा
दत्तू


गंगापूर रोड, नाशिक
२८ जानेवारी २००३

चि. दत्तूस,
आशीर्वाद.

हे पत्र दार लावून एकटा असताना वाच.

तू म्हणालास तसे महेबूबभाई आले. बिलकिसभाभीही होत्या. दोघं खुर्चीत टेकलीच नाहीत, दारातच उभी राहिली. जामीन नाकारलाय. तीन अक्षरांमुळे. मुलाला नाशिकरोडच्या तुरुंगात हलवलंय. रोज एकच विचारतात, के. एल. टी. म्हणजे काय. तो म्हणतो माहीत नाही. त्यांच्या वकिलाला त्या पानाची झेरॉक्स मिळालीय. पण मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे त्यांना नीट लागेना. ताई, तुम्ही वाचून सांगा म्हणाले. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तुला तसंच लिहून पाठवते.

“साहेब, रामराम. तुमी लिवलंय का आमा समद्यांना जमीन भेटली, घर भेटलं, पानी भेटलं. लय बरं वाटलं आयकून. पन कुठं हाय ते काय लिवलं नाय. मी हितं नाशकात दुसऱ्याच्या घराला विटा वाहते. माजं घर तयार हाय तर मला बी दाखवा. येक डाव बघून येईन म्हनते. न्हाय तर ते लिवलेलं पुसा.”

बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पोलिसांच्या मते ही बाई खोटी आहे, मुलाने रचलेली. दत्तू, हा आवाज मी रोज नळावर ऐकते.

आणि मग खाली ती तीन अक्षरं आली. पेपरात ती नेहमी ‘केएलटी’ अशी जोडून छापत होते म्हणून माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. इथे तिन्हींच्या पुढे टिंब होतं. तूही आता ती इंग्रजी म्हणून वाचू नकोस. मराठी पत्राच्या शेवटी काय येतं ते आठव आणि म्हण. सगळं जग लिहितं ‘लोभ असावा’. नाना तेवढे चिडायचे. लोभ आहेच, असावा काय म्हणता, टिकावा म्हणा, असं म्हणून त्यांनी आपल्या दोघांच्या पत्रांत खोडून खोडून दुरुस्त केलं होतं. असं लिहिणारं दुसरं घर मी तरी पाहिलेलं नाही. आधी मला हसू फुटलं. महेबूबभाई बघतच राहिले. मग मी कागद पालथा घातला.

नाव लिहीत नाही. तुला कळलं असेल.

महेबूबभाईंना मी काही बोलले नाही. वाचून दाखवलं, शेवटची तीन अक्षरं गिळली आणि भाभींना चहा विचारला. त्यांनी घेतला नाही. मी ज्याला गप्प म्हणून नावं ठेवत होते, त्याच्या आईसमोर मी गप्प बसले. मला स्वतःची लाज वाटते.

तुझ्या कुलपाबद्दल. मला ते कुलूप तोडण्यासारखं वाटत नाही. बंद दुकानाच्या फळीवर कुणी खडूने लिहावं, तसं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांचं पान परत लावलं, त्यांचं काय गेलं? आणि नाव सांगून निवेदन द्या म्हणतोस, तर पुतळाबाईच्या पाड्याने निवेदनांवर इतके अंगठे दिले की शाई संपली असेल. तरीही तुझं म्हणणं सगळं चूक असं मी म्हणत नाही. मला एवढंच सांग, तू मागितली असतीस ती तीन वर्षं आता कुणासाठी मागशील?

आज शेवटी नेहमीचं लिहायला हात धजत नाही.
मोहिनीताई


सांगली
१ फेब्रुवारी २००३

ती. ताईस,
नमस्कार.

हे कुरियरने पाठवतोय. वाचून फाडून टाक.

पहिली गोष्ट, तू जे म्हणतेस ते सिद्ध झालेलं नाही. तीन अक्षरांवरून काहीही काढता येतं. पोलिसांनी काश्मीर काढलं, तू आपलं घर काढलंस. त्या मुलाने तिच्या तोंडून ते ऐकलं असेल आणि मुद्दाम वापरलं असेल, हेही शक्य आहे. किंबहुना मला तेच खरं वाटतं. गोड बोलून त्याने तिच्याकडून काय काय काढून घेतलं असेल कुणास ठाऊक. त्या दोघांचं नुसतं प्रोजेक्टपुरतंच होतं, याची तुला खात्री आहे का? तुझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं आणि तुला दिसलं नाही?

दुसरी गोष्ट, तिला पहिल्या गाडीने इकडे पाठव. कॉलेजला कावीळ झाली म्हणून कळव, डॉक्टरचा कागद मी पाठवतो. कुणी विचारलं तर ती कॅफेत गेलीच नव्हती. त्या मजुरीवाल्या बाईशीही बोलणं बंद.

तिसरी गोष्ट, फैजानची काळजी करू नकोस. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही. महिना-दोन महिन्यांत सुटेल. पुरुषासारखा पुरुष आहे, काही बिघडत नाही. मुलीच्या जातीला एकदा तुरुंगाचं नाव लागलं की पुसत नाही.

तू मला विचारलंस, तीन वर्षं कुणासाठी मागशील. ताई, मी बाप आहे.
दत्तू


गंगापूर रोड, नाशिक
५ फेब्रुवारी २००३

ती. बाबांस,
पल्लवीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आत्याने फाडलं नाही. माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसली. सगळ्या वाकड्या झाल्या.

बाबा, ते मीच केलं. फैजानने काहीही काढून घेतलं नाही. त्याच्यात आणि माझ्यात तुम्हाला वाटतं तसलं काही नाही, आणि असतं तरी त्याने तो गुन्हेगार ठरला नसता. महामंडळाच्या पानावर ‘पुनर्वसन पूर्ण’ असं लिहिलं होतं आणि नव्या घरांचा फोटो होता. मी पुतळाबाईला ते सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली की त्यांना माझं उत्तर लिही. मी त्यांच्या पत्त्यावर ई-मेल पाठवले, तिच्या नावानिशी. तुम्ही म्हणता तसं नाव-गाव सांगून. एकालाही उत्तर नाही. मग एक दिवस कॅफेत बसून मी सहज त्यांच्या साइटचा पासवर्ड म्हणून प्रकल्पाचं नाव टाकून पाहिलं. दार उघडलं.

आत जायला नको होतं, हे मला कळतं. पण मी काही मोडलं नाही. त्यांचं पान तिथेच बाजूला जपून ठेवलं आणि तिचं उत्तर लावलं, ती बोलली होती तसंच. शेवट आला तेव्हा बोटांनी आपोआप ती तीन अक्षरं दाबली. शेवट नीट केल्याशिवाय तुम्ही मला एकही पत्र पेटीत टाकू दिलं नाहीत, बाबा. मला कळलंसुद्धा नाही मी काय लिहिलं. पेपरात वाचलं तेव्हा कळलं. तेव्हाच जायला हवं होतं. रोज सकाळी ठरवत होते आणि रोज संध्याकाळी घाबरत होते.

काल आत्याला घेऊन मी पोलीस स्टेशनला गेले. इन्स्पेक्टरांनी आधी खेकसून नाव विचारलं, मग तुमचं नाव आणि हुद्दा ऐकला आणि आम्हाला खुर्च्या आल्या, चहा आला. मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाले, चांगल्या घरातल्या मुली हळव्या असतात, मैत्रीखातर दुसऱ्याचं अंगावर घेतात. पासवर्ड सांगितला, तर तो आता पेपरवाल्यांनाही माहीत आहे म्हणाले. के. एल. टी. म्हणजे ‘कळावे, लोभ टिकावा’ असं सांगितलं तेव्हा दोन हवालदारांना हाक मारून त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. तिघंही खूप हसले. निषेधाखाली लोभ कोण लिहितं, असं विचारलं. आणि ‘असावा’ असतं, हे आम्हालाही येतं, म्हणाले. आत्या भडकली. म्हणाली, माझ्या वडलांची रीत आहे, मी लिहून देते. पण ती महेबूबचाचांच्या ओळखीची, तिचं लिहिणं चालत नाही. सरकारी वकील साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं तर बघू, म्हणाले. आणि तसे साहेब येणार नाहीत, असंही म्हणाले.

हेच मी केलं असतं आणि मी महेबूबचाचांच्या घरातली रिदा असते, तर मला चहा मिळाला असता का?

मला शिक्षा नको, असं मी म्हणत नाही. आत शिरले, त्याची काय शिक्षा ते कोर्ट ठरवेल. तुम्ही म्हणता तितकी व्हावी असं मला वाटत नाही, पण ते मी तिथे उभी राहून सांगेन. कावीळ झाली म्हणून सांगणार नाही. माझ्या जागी दुसरा कुणी बसला आहे, त्याला उठवायला तरी या.

तुमची वाट बघणारी, तुमच्या लोभातली
पल्लवी


सांगली
९ मार्च २००३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. पल्लवीचा जामीन झाल्याचं फोनवर तू ‘पाऊस थांबला’ असं सांगितलंस. इथे कडक ऊन आहे. शेजारी उभी असलेली तुझी वहिनी घाबरली. असो.

पोलीस स्टेशनवर जे झालं ते तू पाहिलंसच. नानांची रीत सांगताना मी हवालदारांसमोर असा बोलत होतो, जणू मीच आरोपी. इन्स्पेक्टरांनी विचारलं, साहेब, मुलीवर कलम कुठलं लावू? ते मीच सांगितलं. उलटतपासणीत मला विचारतील की तुम्हाला कळल्यावर तुम्ही आधी काय केलंत. तेव्हा कावीळही सांगावी लागेल. सांगेन. इथल्या खटल्यांतून मला सध्या बाजूला ठेवलंय. ते ठीकच आहे.

एक गोष्ट तुला सांगितली नाही. जामिनाच्या आदल्या तारखेला तू पल्लवीबरोबर कोर्टात होतीस तेव्हा मी नाशिकरोडला गेलो होतो. फैजानला सोडणार होते. महेबूबभाई फाटकाशी उभे होते. मी आलेलं कळूनही त्यांनी वळून पाहिलं नाही, पण बाजूलाही झाले नाहीत. मुलगा बाहेर आला. बराच वाळलाय. मला ओळखलं, सलाम केला.

ताई, त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. पान लावलं त्या दिवशी पल्लवीच्या मागून जाताना त्याने ते वाचलं होतं. के. एल. टी. हेही तो ओळखून होता. पूर्वी ती कॅफेतून मला ई-मेल करायची तेव्हा त्याने एकदा विचारलं होतं आणि तिने नानांची गोष्ट सांगितली होती. इतके दिवस ते त्याला विचारत होते आणि तो माहीत नाही म्हणत होता. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तो म्हणाला, काका, माझ्या तोंडून ‘लोभ टिकावा’ निघालं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे कुणाच्या घरात ऐकलंस. एवढंच बोलला. मग बापाच्या हातातली पिशवी घेऊन रिक्षाकडे गेला. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, ते तुला माहीत आहे. त्याला माहीत नाही. आणि मी त्याची माफीही मागितली नाही.

महेबूबभाई मागे थांबले. त्यांच्या हातात सुटकेचा कागद होता. घडी उघडून त्यांनी माझ्यापुढे धरला आणि विचारलं, वकीलसाहेब, यात काय लिहिलंय? मी वाचून सांगितलं. पुरावा अपुरा असल्याने सोडण्यात येत आहे. ते म्हणाले, अपुरा म्हणजे थोडा आहे, असं ना? मी म्हटलं, नाही, लिहायची पद्धत तशी आहे. ते म्हणाले, कॅफेच्या जागामालकाने हाच शब्द धरलाय. जागा खाली करा म्हणतो.

मग त्यांनी विचारलं, आणि रागाने नाही विचारलं, पक्षकार वकिलाला विचारतो तसं विचारलं. म्हणाले, तुमच्या मुलीवर खटला चालेल. एक तर शिक्षा होईल नाहीतर निर्दोष ठरेल, काहीतरी होऊन संपेल. माझ्या मुलावर खटलाच नाही. मग त्याला निर्दोष कोण ठरवणार?

मी म्हटलं, बघून सांगतो. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि ठीक आहे म्हणाले.

आल्यापासून पुस्तकं काढून बसलोय. दोघा जुन्या वकिलांनाही विचारलं. तसं कलम नाही, ताई. महेबूबभाई उत्तराची वाट पाहत असतील. त्यांना काय लिहू, ते मला कळव.

पल्लवीला जवळ घे. माझ्यावरच्या लोभात अंतर पडलं असेल, तर तेही स्पष्ट लिही.
तुझा
दत्तू